सायकलचा क्रँक

सायकलचा क्रँक : सायकलस्वाराच्या पायांचा आळीपाळीने खाली येणारा रेटा घेऊन त्याचे अखंड फिरत्या गतीत रूपांतर करणारी, पेडल व सांगाड्यातील मधला आस यांना जोडणारी धातूची भुजा. सायकलीस अशा दोन भुजा असतात. त्या एकाच आसाच्या दोन टोकांस परस्परविरुद्ध दिशांनी बसविलेल्या असून उजव्या भुजेला दंतचक्र जोडलेले असते. दंतचक्रावरील साखळी हा रेटा मागील चाकावरील मुक्तचक्राकडे नेते. नेहमीच्या सायकलीत आसाच्या मध्यापासून पेडलच्या मध्यापर्यंत भुजेची लांबी १६५ ते १७० मिमी. असते. तांत्रिक परिभाषेत या भागास ‘भुजा’ असे नाव असले, तरी दुकानदार, कारागीर व स्वार हे सर्वच त्याला क्रँक म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे. [⟶ सायकल].

क्रँक आसाला कोणत्या पद्धतीने जोडला आहे, ही बाब वरवर पाहता केवळ यंत्रशाळेतील होय. तथापि तो सैल झाल्यास कोण बसवू शकेल, कोठे, कोणत्या हत्याराने व किती पैशांत, हे सर्व त्या एका जोडणीवर ठरते. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात, आणि त्यातही दक्षिणेकडील रस्ते ज्या ठिकाणी शहराला मिळतात त्या स्वारगेट भागात, या लहानशा जोडणीचा संबंध कामकरी माणसाच्या रोजच्या मिळकतीशी येत असे. म्हणून क्रँकची यांत्रिक माहिती व तिचा इतिहास येथे मुख्यत्वे पुण्यातील सायकलीच्या संदर्भात दिला आहे.

इतिहास : सायकलीचा आद्य पूर्वज मानला जाणारा दुचाकी गाडा जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये मॅनहाइम येथे चालवून दाखविला. त्याला क्रँक नव्हताच. स्वार जमिनीला पायांनी मागे रेटा देत पुढे जाई. पाय जमिनीवरून उचलून यंत्रावर ठेवण्याची कल्पना १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये रूढ झाली. पुढील चाकाच्या आसालाच क्रँक व पेडल बसविलेली सायकल तेथे मिशो यांच्या कारखान्यातून विकली जाऊ लागली आणि प्येर लालमाँ यांनी अशाच रचनेचे एकस्व अमेरिकेत १८६६ मध्ये मिळविले. या रचनेत पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा होई. त्यामुळे वेग वाढवावयाचा तर चाकच मोठे करणे भाग पडले आणि त्यातून पुढील चाक माणसाच्या खांद्याएवढे व मागील चाक अगदी चिमुकले, अशी ती विक्षिप्त सायकल जन्मास आली. तिच्यावरून पडणे म्हणजे डोक्यावर पडणे होते.

यातून सुटका क्रँकची जागा बदलल्याने झाली. जॉन केंप स्टार्ली यांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये तयार केलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत क्रँक दोन चाकांच्या मध्ये, सांगाड्याच्या तळाशी आला व तेथून साखळीने मागील चाक फिरू लागले. हान्स रेनॉल्ड यांची टिकाऊ साखळी १८८० पासून उपलब्ध होती. १८८८ मध्ये डनलप यांची हवेची धाव आली. आजची सायकल तत्त्वतः हीच होय. दंतचक्र व मुक्तचक्र यांच्या दात्यांच्या प्रमाणामुळे आता लहान चाकानेही वेग मिळू लागला. भारतीय रस्त्यांवरील २८ इंची चाकाच्या साध्या सायकलीत पुढे ४४ व मागे १८ दाते धरल्यास क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल सु. ५.४ मी. पुढे जाते.

क्रँक मध्ये आला, तेव्हा तो तेथील आसाला घट्ट कसा धरून ठेवावयाचा हा प्रश्न उभा राहिला. तो क्षुल्लक नाही. साठ किग्रॅ. वजनाचा माणूस चढावर पेडलवर उभा राहिला, तर तो भार १७ सेंमी. लांबीच्या भुजेच्या टोकाशी पडतो. आसाची त्रिज्या मात्र सु. ८ मिमी. असते. तरफेच्या नियमाने आसाच्या पृष्ठाशी हा भार एकवीसपट, म्हणजे एक टनाहून अधिक होतो. तोही स्थिर नव्हे, तर प्रत्येक फेऱ्यात येणारा व जाणारा. मागे दुसरा माणूस व कॅरिअरवर पोते असेल, तर विचारावयासच नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वत्रिक झालेले उत्तर म्हणजे ‘कॉटर’. ही पोलादाची, सु. ९.५ मिमी. व्यासाची गोल खिळी असून तिची एक बाजू तिरपी सपाट केलेली असते व बारीक टोकाला नटासाठी आटे असतात. क्रँकच्या डोक्यात आसाच्या भोकाला आडवे दुसरे भोक असते. आसावर त्याच जागी सपाट खाच असते. खिळी ठोकून आत बसविली की तिची तिरपी बाजू पाचरीप्रमाणे खाचेवर आवळली जाते. यंत्रशास्त्रदृष्ट्या ही जोडणी ओबडधोबडच म्हटली पाहिजे. तिला विशेष गुण एकच होता : तिच्यासाठी हातोड्याहून वेगळे हत्यार लागत नसे.

सायकलींचे सुटे भाग प्रमाणित करण्यात इंग्लंडमधील बी. एस. ए. या मूळच्या बंदुकांच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. ही कंपनी पूर्ण सायकलींबरोबर क्रँक, दंतचक्र, आस, कप इ. भागांचे संच इतर उत्पादकांना विकी. तिच्या मधल्या कपांवर इंचाला २४ आटे असत व हेच प्रमाण बहुतेकांनी स्वीकारले. रॅले कंपनीने मात्र आपल्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. दोन्ही कप एकमेकांशेजारी ठेवले, तर नवख्याला फरक दिसत नाही. रॅलेच्या सांगाड्यात दुसरा कप जोराने पिळला, की सांगाड्याचे आटेच जातात. पुण्यासारख्या शहरात दोन्ही कुळांच्या सायकली नांदत असल्यामुळे कारागिराला हा भेद बोटाने ओळखता यावा लागे.

मराठी मुलखातील आगमन : मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाचा एक उगम सायकलीच्या दुकानात आहे, ही गोष्ट पुष्कळदा नांगराच्या व पंपाच्या कीर्तीखाली झाकली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना तेथे सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत व गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवीत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाचे नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. ‘रोव्हर’ रस्त्यावर येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. बेळगावात विकलेली सायकल बिघडली, तर ती दुरुस्त करणारा तेथे दुसरा कोणी नसणार हे उघड आहे. विक्रीबरोबर पाना व कानस हाती घेणे क्रमप्राप्तच होते. याच दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले. १९१० मध्ये हा कारखाना औंध संस्थानातील कुंडल येथे, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. त्याच घराण्याने १९४६ मध्ये खडकी येथे तेल एंजिनांचा कारखाना उभारला, तेव्हा त्याच्या फाटकातून आत जाणारे बहुसंख्य कामगार सायकलीवरून येत, हा योगायोग लक्षणीय आहे. [⟶ किर्लोस्कर, लक्ष्मणराव].

पुणे हे सायकलीस जणू हेरून ठेवलेले शहर होते. टेकड्यांनी वेढलेल्या, समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवरील या खोऱ्यात हवा कोरडी व सौम्य असते. जुनी पेठांची वस्ती आटोपशीर, पूर्वेस लष्कर, उत्तरेस खडकी, पश्चिमेस नदीपलीकडे महाविद्यालये. सर्व अंतरे पायी जाण्यास अधिक व गाडीघोड्यास कमी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ मध्येच झाली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि संरक्षण-कारखान्यांतील पाळ्या वाढल्या. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स सुरू झाला. भोंगा होताच नदीवरील पुलांवरून सायकलींचे लोंढे वाहत. कारकून, प्राध्यापक, वृत्तपत्रविक्रेते, पोस्टमन, शाळकरी मुली असे सर्वच सायकलीवर असत. सायकलीस नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिवा लावावा लागे आणि दिवा नसताना किंवा दुसऱ्यास पुढच्या दांडीवर बसविलेले असताना पोलीस दिसला, की उतरून चालू लागण्याची कला प्रत्येक पुणेकरास अवगत होती.

स्वारगेट : शहराच्या दक्षिण सीमेवरील या नाक्याच्या नावात ‘स्वार’ हा फार्सीतून मराठीत रुळलेला शब्द व ‘गेट’ हा इंग्रजी शब्द यांचा सांधा जुळला आहे. घोडेस्वारांच्या चौकीवरून हे नाव पडले असे सांगतात. सातारा रस्ता, सोलापूरकडे जाणारा रस्ता, टिळक रस्ता, शिवाजी रस्ता हे सर्व येथे किंवा येथून हाकेच्या अंतरावर एकत्र येतात. चौकाला पुढे केशवराव जेधे यांचे नाव देण्यात आले. जवळूनच मुठेचा कालवा जातो आणि पश्चिमेस सारसबाग व पर्वती आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतर दक्षिणेकडील गाड्यांचे, म्हणजे सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूंच्या वाहतुकीचे स्वारगेट हे मुख्य स्थानक बनले. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली व त्याच वर्षी नगर परिवहन सेवा (पी. एम. टी.) तिच्याकडे आली. या सेवेचे मुख्य कार्यालयही स्वारगेटलाच आहे. १९५० नंतर आलेल्या पी. एम. पी. एम. एल. या २००७ च्या संयुक्त कंपनीनेही ते तेथेच ठेवले.

बाहेरगावची एस. टी., शहरातील बस आणि सायकल यांची गाठ येथे पडे. धनकवडी-कात्रजकडून कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवून येणारे गवळी, भाजीच्या पाट्या बांधून मंडईकडे निघालेले शेतकरी, सायकल स्टँडवर ठेवून साताऱ्याची गाडी पकडणारे नोकरदार असा हा पंथ होता. जमिनीचा उतार स्वारगेटकडून नदीकडे आहे. सकाळी भरल्या कॅनने शहरात उतरणे सोपे. संध्याकाळी दमलेल्या पायांनी बाजीराव रस्त्याने परत येताना मात्र चढ, मंद असला तरी, गुडघ्याला व क्रँकला जाणवे. स्वारगेटहून खडकीस रोज जाऊन येणारा कामगार सोळा-सतरा किमी. सायकल चालवी. पाय न थांबविल्यास त्याचे क्रँक दिवसाकाठी सु. ३,००० वेळा फिरत आणि कॉटरवर टनाच्या हिशेबातील दाब तितक्याच वेळा दोन बाजूंनी येई. कॉटर अशा स्थितीत कायम घट्ट राहील, अशी अपेक्षाच चुकीची होती. तो सैल होणारच, हे गृहीत धरून सारी व्यवस्था उभी होती. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला पाण्याची पाटी, हवेचा पंप, एक पेटी व हातोडा घेऊन बसलेला कारागीर हा या व्यवस्थेचा मुख्य आधार.

कॉटर बसविण्याची रीत : क्रँक सैल झाल्याची खूण स्वारास प्रथम कानाने कळते. प्रत्येक फेऱ्यात, पाय ठराविक जागी आला की, ‘टक्’ असा आवाज येतो व पेडल किंचित निसटल्यासारखे वाटते. पेडलचे छरे खराब झाले असता किंवा मधला आस सैल असतानाही असाच आवाज होतो. जाणता कारागीर म्हणून दोन्ही क्रँक हातांत धरून त्यांना एकमेकांविरुद्ध पिळून पाहतो. क्रँक आसाबरोबर एकजीव न हलता स्वतंत्र हलला, तरच दोष कॉटरचा.

जुना कॉटर काढताना नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी पातळीत आणून ठेवतात, म्हणजे हातोड्याचा घाव आट्यांवर न पडता नटावर पडतो. गंजलेला असल्यास आधी रॉकेल सोडतात. घाव घालण्यापूर्वी क्रँकच्या डोक्याखाली, कॉटरचे दुसरे टोक मोकळे राहील अशा बेताने, जमिनीवर टेकविलेला जाड लोखंडी नळीचा तुकडा उभा करतात. या कामातील खरी विद्या हीच होय. आधार नसेल, तर हातोड्याचा सगळा धक्का आसावाटे कपांतील छऱ्यांवर जातो, छरे कपाच्या गुळगुळीत पृष्ठात खळगे पाडतात आणि दोन आण्यांच्या कॉटरपायी मधला संपूर्ण संच बदलण्याची पाळी येते. घाव एकच, पण पुरा असावा लागतो. भीत भीत दहा टोले मारले, तर कॉटर वाकतो व मग भोक पाडूनच काढावा लागतो.

नवा कॉटर जसाच्या तसा क्वचितच बसतो. त्याची तिरपी बाजू खाचेवर पूर्ण टेकावी म्हणून तो घालून, काढून, चकाकणारी जागा पाहून तेवढीच कानशीने घासतात. आटे असलेले टोक सु. सात-आठ मिमी. बाहेर आले की बेत जमला. मग खाली आधार देऊन तो ठोकतात आणि शेवटी नट लावतात. नटाने कॉटर ओढून घेता येतो ही समजूत चुकीची आहे; नट केवळ राखण करतो, पकड पाचरीची असते. दोन क्रँकचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालावे लागतात : क्रँक आडवे धरले असता एकाचा नट वर, तर दुसऱ्याचा खाली. तिरप्या बाजूमुळे प्रत्येक क्रँक काही अंशांनी कलतो. दोन्ही कॉटर एकाच बाजूने घातले, तर क्रँक एका रेषेत न येता त्यांत बाक दिसतो व सायकल लंगडत चालल्याचा भास होतो. शिकाऊ मुलाच्या हातून एकदा तरी घडणारी ही चूक असून गिऱ्हाईक दहा पावले जाऊन परत येई.

पहिल्या पाचसहा किमी. नंतर कॉटर पुन्हा एकदा ठोकून घेणे आवश्यक असते, कारण वापरात तो खाचेत आणखी बसतो. ‘उद्या जाता जाता दाखवून जा’ असे कारागीर सांगे ते याच कारणाने. अनेकजण दाखवीत नसत. सैल कॉटरवर आठवडाभर सायकल हाणली, तर पोलादी आसाची खाच गोल होते व त्यानंतर कितीही नवे कॉटर घातले तरी ते टिकत नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाला नवा आस म्हणजे दिवसाची मजुरी. शिवाय आस बदलण्यासाठी उजवीकडील कप सोडविण्याची वेळ आल्यास तो डाव्या आट्यांचा असल्याचे माहीत असावे लागते. डावे पेडलही तसेच. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस ते सुटण्याऐवजी आवळीत बसतो. हे ज्ञान पुस्तकांत नव्हते. वस्तादाच्या शेजारी उकिडवे बसून, प्रथम पंक्चर, मग ओव्हरहॉलिंग, चाकाचा आउट काढणे आणि सर्वांत शेवटी क्रँक, अशा चढत्या क्रमाने ते मिळे.

भारतीय उत्पादन व ऱ्हास : स्वातंत्र्यापूर्वी पुण्यात येणारी चांगली सायकल बहुधा इंग्लिश असे. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सने स्वदेशी उत्पादन सुरू केले. १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, त्यानंतर आसनसोल येथे सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपत येथे ॲटलस व १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो हे कारखाने निघाले आणि लुधियानाच्या लहान यंत्रशाळांतून क्रँक, कॉटर, छरे यांचा पुरवठा देशभर होऊ लागला. सायकल स्वस्त झाली. कॉटरच्या पोलादाचा कस मात्र उतरला. मऊ कॉटर बसतो लवकर व सुटतोही लवकर. वरळीचा कारखाना डबघाईस आल्यावर १९८० मध्ये केंद्र शासनाच्या नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला, पण तो तगला नाही.

पुण्यातील सायकलीच्या ऱ्हासाचे बीज पुण्यातच होते. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची ‘चेतक’ स्कूटर १९७२ मध्ये आली. त्याच वर्षी कायनेटिक एंजिनिअरिंगने ‘लूना’ ही हलकी यांत्रिक दुचाकी बाजारात आणली. लूनेस पेडल होते; ती सुरू करताना, व चढावर कुरकुरू लागली की, पाय मारावे लागत. क्रँक अशा रीतीने काही काळ एंजिनाच्या शेजारी तग धरून राहिला. सायकलवरून स्कूटरवर जाणाऱ्या पिढीला ही मधली पायरी मानवली यात नवल नाही. पुढे पेडल गेले आणि सायकलस्वारांसाठी असलेली रस्त्याची कडही गेली. उपनगरे वाढल्याने अंतरे लांबली हे खरे असले, तरी स्वारगेट चौकासारख्या ठिकाणी सायकल कमी होण्याचे मुख्य कारण भीती हे होते. जेथे बस, रिक्षा व हजारो दुचाक्या एकाच वेळी वळतात, तेथे आईबाप मुलाला सायकल देईनासे झाले.

ही चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातील पहिला जलद बसमार्ग प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकलमार्गही आखण्यात आले. ते सलग राहिले नाहीत. कोठे विजेचा खांब, कोठे टपरी, कोठे लावून ठेवलेली मोटार अशा अडथळ्यांमुळे स्वारांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि सायकलमार्ग बांधूनही कोणी वापरीत नाही असा उलटा ठपका त्यांच्यावर आला. २०१७ मध्ये महानगरपालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून भाड्याच्या सार्वजनिक सायकलींच्या योजना विद्यापीठ व औंध परिसरातून सुरू झाल्या. या सायकलींची देखभाल कंपन्यांच्या माणसांकडे होती, चौकातील कारागिराकडे नव्हती. बिघडलेली सायकल पदपथावर तशीच पडून राही. काही वर्षांतच त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. स्वारगेटखालील भुयारी मेट्रो स्थानक २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाले.

कॉटरविरहित क्रँक व ट्रायल सायकल : कॉटरला पर्याय फ्रान्समध्ये फार पूर्वी निघाला होता. सेंत एत्येन येथील स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ मध्ये ॲल्युमिनियमचे, कॉटर नसलेले क्रँक विक्रीस आणले. त्यांत आसाचे टोक चौकोनी व किंचित निमुळते असून त्यावर क्रँकचे तसेच भोक मध्यवर्ती बोल्टने आवळले जाते. बोल्ट आवळण्यास लांब दांड्याचा पाना व क्रँक उतरविण्यास आट्यांचा खास ओढक लागतो. हातोडा येथे निषिद्ध होय. वजनाने हलकी व चांगली पकड देणारी ही रचना शर्यतींच्या सायकलींत रूढ झाली, परंतु भारतातील साध्या सायकलीपर्यंत ती पोहोचली नाही. पाश्चात्त्य ग्रंथकार कॉटरला कालबाह्य ठरवितात, ते त्यांच्या रस्त्यांपुरते ठीक. ज्या समाजात सायकल हे व्यायामाचे साधन नसून उदरनिर्वाहाचे वाहन होते आणि दुकान दहा मैलांवर असू शकत होते, तेथे जागच्या जागी ठोकता येणारी जोडणी हीच अधिक प्रगत मानावयास हवी. १९९१ नंतर आयात खुली झाली व बहुदंती गिअरच्या सायकली पुण्यात दिसू लागल्या, तेव्हा चौकोनी टोकाचे क्रँक येथील दुकानांत सरावाचे झाले.

क्रँकवर सर्वांत निर्दय भार ट्रायल या क्रीडाप्रकारात पडतो. स्पेनमधील कॅटलोनियात १९७० नंतरच्या दशकात मोटारसायकलस्वार पेरे पी यांच्या प्रेरणेने तो रुजला. त्यांचा मुलगा ओत पी हा पुढे त्यातील विजेता ठरला. खडक, ओंडके, भिंतीची कड अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीस न टेकविता सायकल उड्या मारीत न्यावयाची असते. स्वार बसत नाही. अनेक ट्रायल सायकलींना बैठकच नसते. जागेवर उभे राहून एका अर्ध्या फेऱ्याच्या धक्क्याने सायकल उचलावयाची असल्याने सर्व शरीराचा झटका क्रँकवर येतो. चौकोनी टोक या झटक्यांपुढे पुरे पडत नाही. म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस ठरविण्यात आलेल्या ‘आयसिस’ प्रमाणाप्रमाणे आसाच्या टोकावर दहा दाते पाडतात आणि क्रँकच्या भोकातही तसेच खाचे असतात. बहुतेक ट्रायल सायकलींत मुक्तचक्र मागील चाकाऐवजी उजव्या क्रँकवरच चढविलेले असते.

अशा सायकलीस नवे क्रँक बसविताना आसाचे दाते व क्रँकचे खाचे प्रथम पूर्ण स्वच्छ करतात, ग्रीसचा पातळ थर देतात, क्रँक हाताने सरळ बसल्याची खात्री झाल्यावरच बोल्ट लावतात. एखादा दात चुकला असताना बोल्ट आवळला, तर ॲल्युमिनियम कापले जाते व महागडा क्रँक निकामी होतो. दोन क्रँक एका रेषेत येतात की नाही हे दुरून पाहून ठरवावे लागते, कॉटरच्या वेळी पाहत तसेच. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या जोराइतकाच, मापाच्या पान्याने, आवळतात. पहिल्या फेरीनंतर तो पुन्हा तपासावा लागतो, ही जुन्या वस्तादाची सूचनाही येथे जशीच्या तशी लागू आहे. सैल क्रँकवर एकच जोरदार उडी घेतली तरी खाचे गोल होतात.

पुण्यातील जुन्या सायकलींपैकी काही आता कर्वेनगर येथील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात पाहावयास मिळतात. दूधवाले, पाववाले, रखवालदार यांच्या काळ्या सायकली मात्र अद्याप रस्त्यावर असून त्यांच्यासाठी कॉटर नट व चकतीसह जोडीने विकले जातात.